सेन्सर बदलण्यापूर्वी: स्पर्धेच्या रोबोटमधील सप्लाय आणि वायरिंग तपासण्याची रीत

रोबोट हातात उचलून धरला की सगळे सेन्सर नीट चालतात. तोच रोबोट काळ्या पट्टीवर ठेवून मोटर सुरू केल्या की सेन्सर भलतेच आकडे देऊ लागतात, किंवा दोन फूट पुढे गेल्यावर रोबोट मध्येच थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सोलापुरातील शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना शिकवताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की "सर, सेन्सर गेला" असे कोणी म्हटले की माझा हात सेन्सरकडे न जाता बॅटरीच्या वायरींकडे जातो. सेन्सर खरोखरच गेलेला असणे अशक्य नाही, पण माझ्याकडे "गेलेला" म्हणून आलेल्यांपैकी बहुतेक सेन्सर धडधाकट निघाले आहेत. बिघाड होता तो त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या सप्लायमध्ये, ग्राउंडमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हला जाणाऱ्या सामाईक जोडणीत) किंवा एखाद्या सैल झालेल्या पिनेत. शिवाय हवा तोच सेन्सर मोड्यूल (सेन्सर बसवलेली छोटी पट्टी) गावातल्या दुकानात मिळाला नाही, तर तो पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो, आणि स्पर्धा चार दिवसांवर आली असताना तेवढी वाट पाहणे परवडत नाही. म्हणून नवा सेन्सर मागवण्यापूर्वी काय, कोणत्या क्रमाने आणि कशाने तपासावे, ते येथे सांगितले आहे.

उदाहरणासाठी डोळ्यांसमोर ठेवलेला रोबोट नवशिक्यांचा नेहमीचाच आहे. त्यात प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड, बोर्डाच्या आज्ञेनुसार मोटरना करंट देणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, १२ व्होल्टच्या दोन गिअर मोटर, तीन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडून केलेला पॅक, खालच्या बाजूला रेषा ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर आणि समोर अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे. आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड असेल तर काही गोष्टी बदलतात. त्या त्या ठिकाणी त्यांचा उल्लेख केला आहे.

हाताशी काय असावे

बीप देणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, पूर्ण चार्ज केलेली दुसरी बॅटरी, खात्रीच्या पाच-सहा जम्पर वायरी, '१०४' असा आकडा छापलेले काही सिरॅमिक कपॅसिटर आणि एक वही, एवढे साहित्य पुरते. यांतील वही मुलांना अनावश्यक वाटते, परंतु माझ्या मते मल्टिमीटरच्या खालोखाल महत्त्व तिचेच आहे. कोणत्या पिनेवरून कोणत्या रंगाची वायर कोठे गेली आहे, याचा नकाशा वहीत नसेल, तर रात्री अकरा वाजता दोन जणांनी मिळून सोडवलेला गुंता सकाळी तिसऱ्याला उमगत नाही. तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती बदलल्यावर काय झाले ते लिहावे. एकदम तीन वायरी बदलून रोबोट सुरू झाला, तर त्यांपैकी दोषी कोणती होती हे कधीच कळत नाही, आणि तीच वायर पुन्हा डब्यात जाऊन पुढच्या रोबोटवर चढते.

काम सुरू करण्यापूर्वी दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. मल्टिमीटरची लाल पिन करंट मोजण्याच्या १० अँपिअरच्या छिद्रात राहिली असेल आणि तशीच बॅटरीला लावली, तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो. म्हणून दर वेळी पिन कोणत्या छिद्रात आहे ते पाहून मगच टोके टेकवावीत. दुसरे म्हणजे, लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर ती वायर लाल होईपर्यंत करंट देते, त्यामुळे बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीत फ्यूज आणि स्विच असल्याशिवाय रोबोटवर हात घालू नये.

बिघाड केव्हा होतो, ते आधी ठरवावे

मीटर हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते पाहण्यात घालवावीत, कारण बिघाडाची वेळच अर्धे उत्तर सांगते. सेन्सर एकदाही चालला नसेल, तर चूक बहुधा जोडणीत आहे: पिन चुकली आहे, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे झाले आहे, किंवा प्रोग्राममध्ये एक पिन आणि बोर्डावर दुसरीच आहे. चाके हवेत असताना सगळे ठीक आणि जमिनीवर ठेवल्यावर बिघाड, असे असेल तर संशय सप्लाय आणि ग्राउंडवर घ्यावा, कारण जमिनीवर मोटरना वजन ओढावे लागते आणि त्या जास्त करंट घेतात. हात लागल्यावर, धक्का बसल्यावर किंवा वळणावर बिघडत असेल, तर कोठेतरी लूज कनेक्शन आहे. पहिली दहा मिनिटे चांगली जाऊन नंतर बिघडत असेल, तर काहीतरी तापते आहे किंवा बॅटरी उतरते आहे.

आणखी एक खूण फार उपयोगी पडते. यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला असताना रोबोट उत्तम चालतो आणि केबल काढल्याबरोबर बिघडतो, असे दिसले तर सेन्सर आणि प्रोग्राम या दोघांनाही जवळजवळ निर्दोष समजावे. केबल लावलेली असताना ५ व्होल्टच्या सप्लायला लॅपटॉपचा आधार होता. ती काढल्यावर तो केवळ रोबोटच्या स्वतःच्या बॅटरीतून येऊ लागला, आणि दोष त्याच मार्गात आहे.

सप्लायची तपासणी

सप्लाय मोजायचा तो बॅटरीपासून सुरुवात करून सेन्सरच्या पिनेपर्यंत, वाटेतील प्रत्येक टप्प्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी दोनदा: एकदा मोटर बंद असताना आणि एकदा मोटर चालू असताना. मोटर बंद ठेवून घेतलेल्या मापाने फक्त समाधान मिळते. दोष दिसतो तो दुसऱ्या मापात.

तीन सेलचा पॅक पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट दाखवतो आणि त्याचे नाममात्र व्होल्टेज ११.१ असते. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर त्याचे कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून थोडी सूट ठेवून पॅक ९.९ व्होल्टवर आला की थांबावे. आता चाके जमिनीवर टेकवून, रोबोट हाताने किंचित दाबून मोटर चालू कराव्यात आणि त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावा. १२ व्होल्टचा आकडा क्षणात १० च्या खाली येत असेल, तर सेल जुने आहेत, किंवा बॅटरी आणि स्विच यांमधील वायर बारीक आहे. रिमोट कारमध्ये वापरतात ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी या कामासाठी घेऊच नये. तिचा अंतर्गत रोध इतका असतो, की मोटर सुरू होताच तिचे व्होल्टेज कोसळते. नवशिक्यांच्या रोबोटवर हा दोष मला सर्वाधिक वेळा आढळतो, आणि तो दूर करायला पैशांखेरीज काही लागत नाही.

मोटर किती करंट मागते, याचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. मोटर ड्रायव्हरपासून सोडवून तिच्या दोन टोकांमधील रोध मीटरवर मोजावा. दांडा थोडा थोडा फिरवून तीन-चार मापे घ्यावीत आणि सर्वांत कमी आकडा धरावा. समजा तो ४ ओहम आला, तर १२ व्होल्टवर ही मोटर सुरू होण्याच्या क्षणी, किंवा चाक अडकल्यावर, १२ भागिले ४ म्हणजे ३ अँपिअर करंट ओढेल. एल२९८एन ड्रायव्हरची मर्यादा प्रत्येक मोटरसाठी २ अँपिअर आहे. त्यातच पुढे धावणारा रोबोट प्रोग्रामने एकदम मागे फिरवला, तर फिरत्या मोटरचे स्वतःचे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळते आणि करंट काही क्षण जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून पुढे आणि मागे या दोन आज्ञांच्या मध्ये पाव सेकंदाचा विराम ठेवावा. केवळ एवढ्याने अनेक रोबोटांचे अधूनमधून रीसेट होणे थांबलेले मी पाहिले आहे. हाच ड्रायव्हर १ अँपिअर करंटला स्वतःतच साधारण २ ते ३ व्होल्ट खातो, त्यामुळे मोटरवर पूर्ण १२ व्होल्ट न दिसणे हा बिघाड समजू नये.

यानंतर ५ व्होल्टचा मार्ग पाहावा. पुष्कळ मुले बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ आर्डुइनोच्या पॉवर सॉकेटला देतात आणि सगळे सेन्सर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून चालवतात. बोर्डावरील छोटा रेग्युलेटर हा फरक उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. सेन्सर, त्यांचे एलईडी आणि बोर्ड मिळून २०० मिलिअँपिअर घेत असतील, तर ७ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर म्हणजे १.४ वॉट उष्णता त्या नखाएवढ्या भागात तयार होते. तो बोट ठेववणार नाही इतका तापतो, आणि मर्यादा ओलांडली की स्वतःला वाचवण्यासाठी सप्लाय बंद करतो. थंड झाला की पुन्हा सुरू करतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छताखाली सराव करताना तर हा रेग्युलेटर आधीच तापलेल्या हवेत काम करत असतो, त्यामुळे जानेवारीत नीट चाललेला रोबोट उन्हाळ्यात दहाव्या मिनिटाला बिघडला, तर त्यात नवल नाही.

यावर उपाय म्हणजे वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारा छोटा मोड्यूल. तो बॅटरीला जोडून, त्याच्या बाहेरच्या बाजूला काहीही न लावता, मीटर पाहत छोट्या स्क्रूने ५.० व्होल्ट लावावेत आणि मगच बोर्ड जोडावा. नव्या मोड्यूलचा स्क्रू कधी कधी दहा-पंधरा फेरे फिरवल्यावर आकडा हलू लागतो, त्यामुळे "हा बंदच आहे" असा निष्कर्ष घाईने काढू नये. आणि आधी जोडून मग फिरवण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये, कारण तोवर १० व्होल्ट बोर्डात शिरलेले असतात. बक कन्व्हर्टरचे ५ व्होल्ट बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर दिलेले असताना यूएसबी केबल लावू नये, कारण दोन सप्लाय एकमेकांवर आदळतात. रोबोटवर सर्व्हो (ठरवलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटर) असतील तर त्यांना दुसरा बक कन्व्हर्टर द्यावा. सेन्सर आणि सर्व्हो एकाच ५ व्होल्टवर नांदवण्याचा हट्ट धरू नये.

मीटरची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. व्होल्टेज काही मिलिसेकंदांसाठी खाली जाऊन पुन्हा वर आले, तर मीटरचा आकडा हलतही नाही, पण बोर्ड तेवढ्यात गडबडतो. यासाठी प्रोग्रामच्या सुरुवातीलाच बोर्डावरील एलईडी तीन वेळा जलद चमकवणाऱ्या ओळी लिहाव्यात. रोबोट धावत असताना मध्येच ते तीन चमकारे दिसले, तर बोर्ड रीसेट झाला हे निश्चित, मग मीटर काहीही म्हणो. ईएसपी३२ वर व्होल्टेज पडले तर तो बोर्ड सिरिअल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या लॅपटॉपवरील खिडकीत, स्वतःच 'ब्राउनआउट' असा संदेश छापतो.

बोर्ड रीसेट झाला नाही, तरी पडलेले व्होल्टेज सेन्सरचे आकडे बदलते. उनोचा बोर्ड ॲनालॉग पिनेवरील व्होल्टेज स्वतःच्या ५ व्होल्टशी ताडून ० ते १०२३ मधला आकडा देतो. सेन्सर ठाम २ व्होल्ट देत असेल, तर आकडा ४०९ यायला हवा. पण बोर्डाचा सप्लायच ४.५ व्होल्टवर आला, तर तेच २ व्होल्ट ४५५ म्हणून वाचले जातात. सेन्सर तोच, अंतर तेच, आणि तरी आकड्यात ४६ चा फरक पडतो. असे दिसल्यावर प्रोग्राममधील मर्यादा पुन्हा पुन्हा बदलत बसणे म्हणजे तराजूचा काटा वाकलेला असताना माल कमी-जास्त करत राहणे होय.

ग्राउंडचा घोळ

सगळ्या तपासणीत हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, म्हणून येथे थोडे थांबतो. सेन्सर देतो ते व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत असते. बोर्डाचे ग्राउंड आणि सेन्सरचे ग्राउंड एकाच पातळीवर नसतील, तर सेन्सर खरे सांगत असतानाही बोर्डाला ते खोटे ऐकू येते.

अगदी उघड चूक अशी, की मोटरची बॅटरी वेगळी, बोर्डाची बॅटरी वेगळी आणि दोन्हींचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेलेच नाहीत. दोन बॅटऱ्या असल्या तरी त्यांचे निगेटिव्ह एका ठिकाणी जोडलेच पाहिजेत. याहून फसवी चूक दुसरी आहे. समजा बॅटरीपासून एकच बारीक काळी वायर बोर्डावर आली, तिथून ड्रायव्हरला गेली आणि तिथूनच सेन्सरनाही गेली. त्या वायरीचा आणि तिच्या दोन टोकांवरील पिनांचा मिळून रोध ०.१ ओहम धरला, आणि त्यातून मोटरचा ३ अँपिअर करंट परतत असेल, तर ०.१ गुणिले ३ म्हणजे ०.३ व्होल्ट त्या वायरीतच पडतात. मोटर चालू झाली की त्या वायरीच्या पुढचे ग्राउंड बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा ०.३ व्होल्टने वर उचलले जाते. उनोवर आकड्याची एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची असते. म्हणजे जोडणी जशी असेल तसा सुमारे ६१ पायऱ्यांचा घोळ होऊ शकतो. पांढऱ्यावर २०० आणि काळ्यावर ३०० असे जवळजवळचे आकडे देणाऱ्या सेन्सरला एवढा घोळ पुरेसा आहे.

हे मोजण्यासाठी मीटर २ व्होल्टच्या पट्टीवर ठेवून काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल टोक सेन्सरच्या ग्राउंड पिनेवर टेकवावे, आणि कोणाला तरी मोटर चालू करायला सांगावे. काही मिलिव्होल्ट दिसले तर चिंता नाही; शंभराच्या पुढे आकडा गेला, तर वायरिंग बदलावे. बदल असा करायचा, की मोटर ड्रायव्हरची काळी वायर जाड घेऊन ती स्वतंत्रपणे बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावी, आणि बोर्ड व सेन्सर यांची काळी वायर त्याच बिंदूपर्यंत वेगळी न्यावी. दोन्ही तिथेच भेटाव्यात, त्याआधी कोठेही नाही.

या बाबतीत मी स्वतः एकदा पूर्ण रात्र घालवली आहे. एका महाविद्यालयातील स्पर्धेच्या आदल्या रात्री आम्ही तीन रेषा-सेन्सर बदलले, प्रोग्राम दोनदा नव्याने लिहिला, आणि पहाटे लक्षात आले की ड्रायव्हरच्या स्क्रू टर्मिनलमध्ये काळ्या वायरीचे तांबे नसून तिचे प्लास्टिकच आवळले गेले होते. आत दोन-तीन तंतू कसेबसे टेकलेले होते. मीटरचा बीप येत होता, म्हणून आम्ही ती जोडणी "तपासली" असे वहीत लिहूनही ठेवले होते.

बीपवर किती विश्वास ठेवावा

बॅटरी काढून, मीटर बीपवर ठेवून वायरीची दोन टोके तपासणे ही पहिली पायरी योग्यच आहे, पण बहुतेक मीटर काही दशक ओहमपर्यंतच्या रोधालाही बीप देतात. तुटायला आलेली, एका तंतूवर टिकलेली वायरही त्यांच्या लेखी अखंड असते. सेन्सरच्या सप्लायच्या वायरीत १० ओहमचा रोध असला आणि त्यातून २०० मिलिअँपिअर जात असले, तर २ व्होल्ट तिथेच संपतात. त्यामुळे बीप न येणे हा वायर तुटल्याचा पुरावा म्हणून घ्यावा, पण बीप येणे हा ती चांगली असल्याचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा म्हणजे रोबोट चालू असताना वायरीच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजणे: चांगल्या वायरीवर ते शून्याच्या जवळ असते.

आपल्याकडच्या मागावर काम केलेल्यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. काही यंत्रमागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी लटकवलेली असते. धागा तुटला की ती खाली पडते, विजेचा संपर्क पूर्ण होतो आणि माग थांबतो. हादेखील एक सेन्सरच आहे, आणि तो चुकतो तेव्हा पट्टी बिघडलेली नसते, तर संपर्काच्या जागी कापसाची कुस साचलेली असते. सोलापूरच्या पूर्व भागातील ज्या घरांत माग आणि अभ्यास एकाच छताखाली चालतात, तेथील मुलांनी आपल्या रोबोटच्या पिना आणि सेन्सरची काच दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडावी.

लूज कनेक्शन शोधण्यासाठी मोटर बंद ठेवून सेन्सरचे आकडे सिरिअल मॉनिटरवर सतत छापत ठेवावेत आणि एकेक वायर लाकडी काडीने हलकेच हलवावी. ज्या वायरीला काडी लागताच आकडा उडी मारतो, ती बदलावी. हाताने हलवू नये, कारण हात एकाच वेळी चार वायरींना लागतो. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची पट्टी) वापरला असेल तर त्याच्या कडेच्या सप्लाय पट्ट्या मधोमध तुटक तर नाहीत ना, हे पाहावे. काही ब्रेडबोर्डवर त्या दोन तुकड्यांत असतात आणि अर्ध्या सेन्सरना सप्लायच मिळत नाही. स्पर्धेच्या रोबोटवर ब्रेडबोर्ड ठेवूच नये, असे माझे मत आहे. परफबोर्डवर (भोके असलेल्या पट्टीवर) सोल्डर करावे, आणि डाग चकचकीत नसून मळकट, गोळा झालेला दिसला, तर तो कोरडा सोल्डर समजून पुन्हा तापवावा.

मोड्यूलवरील पिनांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असू शकतो. जुन्या मोड्यूलच्या जागी हुबेहूब दिसणारा नवा लावताना सप्लाय, ग्राउंड आणि आउटपुट यांची अक्षरे वाचूनच कनेक्टर खोचावा. पॉझिटिव्हला लाल आणि ग्राउंडला काळा हे दोन रंग इतर कशासाठीही वापरायचे नाहीत, एवढा नियम गटाने पाळला तरी निम्म्या चुका टळतात.

सिग्नल तपासताना

सप्लाय आणि ग्राउंड निर्दोष ठरल्यावरच सिग्नलकडे वळावे. सर्वांत सोपा प्रकार साध्या स्विचचा. स्विच उघडा असताना पिन कशालाच जोडलेली नसेल, तर ती हवेतील विजेचा गोंधळ वाचत राहते आणि कोणी हात लावला नसतानाही स्विच दाबल्याचे भास होतात. प्रोग्राममध्ये बोर्डाचा अंतर्गत पुलअप (पिनेला सप्लायकडे ओढून धरणारा रेझिस्टर) चालू करून स्विच ग्राउंडला जोडावा. ईएसपी३२ वर ३४ ते ३९ या पिनांना अंतर्गत पुलअप नसतो, तिथे बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. त्याच बोर्डावर वाय-फाय चालू असताना दुसऱ्या क्रमांकाच्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिना ॲनालॉग वाचनाला वापरता येत नाहीत. मुले याला सेन्सरचा दोष समजून बसतात. उनोवर ० आणि १ या पिना यूएसबीच्या संवादासाठी लागतात, म्हणून तिथे सेन्सर जोडू नये.

रेषा ओळखणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरचा एलईडी जळतो आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास तो जांभळट चमकताना बहुधा दिसतो. त्यानंतर सेन्सर पांढऱ्यावर आणि काळ्यावर ठेवून येणारे आकडे वहीत लिहावेत, आणि मोटर चालू ठेवून तेच पुन्हा करावे. टीसीआरटी५००० या प्रकारचा सेन्सर पृष्ठभागापासून अडीच मिलिमीटरवर सर्वाधिक प्रतिसाद देतो, त्यामुळे तो वर बसवला असेल तर आकड्यांतील फरक कमी होणारच. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतो. खिडकीतून ऊन ट्रॅकवर पडत असेल तर सेन्सरभोवती काळ्या कागदाचा घेर करावा आणि सकाळी ठरवलेली मर्यादा दुपारी पुन्हा तपासावी.

अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या बाबतीत तीन गोष्टी माहीत असाव्यात. एचसी-एसआर०४ हा ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची इको पिनही ५ व्होल्ट देते. ईएसपी३२ ला ३.३ व्होल्टच सोसतात, म्हणून मध्ये १ किलोओहम आणि ग्राउंडकडे २ किलोओहम अशी विभागणी करावी. दुसरे, समोरून प्रतिध्वनी आलाच नाही तर आर्डुइनोची पल्स मोजणारी आज्ञा १ सेकंदापर्यंत वाट पाहत बसू शकते, आणि तेवढ्यात रेषा-सेन्सर वाचले जात नाहीत. रोबोट वळणावरून सरळ बाहेर जातो आणि दोष रेषा-सेन्सरच्या माथी मारला जातो. त्या आज्ञेला २५,००० मायक्रोसेकंदांची मर्यादा दिली तर चार मीटरपर्यंतचे अंतर मोजता येते आणि रोबोट खोळंबत नाही. तिसरे, चाचणी घेताना समोर काय धरले आहे ते पाहावे: भिंत किंवा पाट आवाज परत पाठवतो, पण घडी केलेली सोलापुरी चादर किंवा टेरी टॉवेल तो शोषून घेतो आणि आकडा शून्य येतो. घरी पलंगाजवळ चाचणी घेऊन चांगला सेन्सर टाकून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. हवेच्या तापमानाचाही परिणाम असतो. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तर ४२ अंशांना तो सुमारे ३५७ होतो. त्यामुळे वातानुकूलित खोलीत जुळवलेला सेन्सर आपल्याकडच्या मे महिन्यात १ मीटरवरची भिंत ९६ सेंटिमीटरवर दाखवतो, आणि यात वायरिंगचा काहीही दोष नसतो.

आय-स्क्वेअर-सी या दोन वायरींच्या पद्धतीने जोडलेले सेन्सर दिसत नसतील, तर प्रथम पत्ते शोधणारा छोटा स्कॅनर प्रोग्राम चालवावा. कल आणि वळण मोजणाऱ्या एमपीयू६०५० चा पत्ता हेक्स (सोळाच्या पायावरील अंकपद्धतीत) ६८ असतो आणि त्याची एडी० पिन वर जोडल्यास ६९ होतो. अंतर मोजणारा व्हीएल५३एल०एक्स आणि रंग ओळखणारा टीसीएस३४७२५ या दोघांचाही मूळ पत्ता हेक्स २९ आहे. ते एकत्र जोडले की भांडतात, आणि वेगवेगळे तपासले तर दोन्ही चांगले निघतात. अशा वेळी सुरुवातीला पहिल्याचा पत्ता बदलावा लागतो. पत्ते बरोबर असून मोटर सुरू होताच संवाद तुटत असेल, तर या दोन वायरी मोटरच्या वायरींपासून दूर न्याव्यात, शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, आणि मोड्यूलवर पुलअप नसतील तर ४.७ किलोओहमचे लावावेत.

मोटरचा विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी '१०४' म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट मोटरच्या दोन टोकांवर सोल्डर करावा, तसाच एकेक प्रत्येक सेन्सरच्या सप्लायजवळ लावावा, आणि मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींत पिळून घ्याव्यात. ५ व्होल्टच्या मुख्य जागी ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बसवताना त्याची निगेटिव्ह बाजू नीट पाहावी.

स्पर्धेच्या गावी पोहोचल्यावर

रेल्वे किंवा एसटीच्या प्रवासात रोबोटला बसलेले धक्के सरावातील सगळ्या धक्क्यांपेक्षा जास्त असतात. मुक्कामी पोहोचल्यावर प्रोग्रामला हात न लावता प्रथम सगळे स्क्रू टर्मिनल आवळावेत, बॅटरी आणि ५ व्होल्ट मोटर चालू ठेवून मोजावेत, आणि तेथील दिव्यांखाली काळ्या-पांढऱ्याचे आकडे नव्याने घ्यावेत.

एवढे करूनही एखाद्या सेन्सरवर संशय राहिलाच, तर अदलाबदल करून निकाल लावावा. संशयित सेन्सर काढून त्या जागी, त्याच वायरींवर, चांगला चालणारा सेन्सर लावावा आणि संशयिताला चांगल्याच्या जागी बसवावे. दोष त्याच जागी राहिला, तर तो वायरींचा किंवा पिनेचा आहे आणि पुन्हा सप्लायपासून सुरुवात करावी. दोष सेन्सरबरोबर नव्या जागी गेला, तरच सेन्सर गेला असे म्हणावे, त्यावर लाल चिकटपट्टी लावून तारीख लिहावी आणि तो चांगल्या सेन्सरच्या डब्यात न टाकता वेगळा ठेवावा.